चौदाचं कार्ड

रात्रपाळीतलं शेवटचं काम :
बैठकीच्या खोलीतल्या फळीवरची तारीख बदलणं.
वार, आकडा, महिना, हवा,
खाचेत सरकवायची चार कार्डं,
म्हणजे जागं झाल्यावर कुणी हरवायला नको.
सोमवार. चौदा. ऑक्टोबर. ढगाळ.
चौदाचा कोपरा कुणीतरी चावलाय.

गावाचं नावच बॅटल, म्हणजे लढाई.
शनिवार-रविवारी मठामागच्या उतारावर
चिलखतातली माणसं पुन्हा एकदा मेली
आणि उठून, ढाली बगलेत मारून,
चहाच्या रांगेत उभी राहिली.
साल एक हजार सहासष्ट. दिवस हाच.

"हाच नव्हे," क्रटेनडनसाहेब लापशीत चमचा रोवतात.
"सतराशे बावन्नात सरकारने अकरा दिवस कापले.
दोन सप्टेंबरला निजलेले लोक चौदाला उठले.
आजच्या हिशेबाने ती लढाई विसाला.
काही शंका?"
चाळीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी.
शंका असेल तर अजून हात वर करायला लावतात.

मी हात वर करत नाही.
नाहीतर सांगितलं असतं,
आमच्याकडेही हाच वाद : तिथी की तारीख.
घरचे परवाच, दसऱ्याला, दीक्षाभूमीवर जाऊन आले.
बाबांनी फोन गर्दीकडे धरला,
मला नुसते खांदे दिसले.
छप्पन साली तिथी आणि तारीख
एकाच दिवशी नागपुरात उतरल्या होत्या.

बाबा तेव्हा आठ वर्षांचे, पवनीहून चालत आलेले.
त्यांच्या आईकडे पांढरं लुगडं नव्हतं.
तिने जांभळं होतं ते राखेत उकळलं,
दोनदा, तीनदा.
पांढरं नाही झालं.
फक्त जांभळं राहिलं नाही.
बाबांना प्रतिज्ञा आठवत नाहीत.
तहान आठवते, हरवलेली एक चप्पल,
आणि सगळे एकदम उभे राहिले तेव्हा
समोर उगवलेली पाठींची भिंत.
"काही दिसेना," म्हणतात,
"पण सगळे उभे होते, एवढं कळत होतं."

विनिफ्रेडबाईंनी आज अंड्याला हात लावलेला नाही.
रात्री एकच्या सुमाराला घंटा वाजवून
त्यांनी मला बोलावलं होतं.
एकोणचाळीस साली, याच तारखेला, याच वेळेला,
स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे
नांगर टाकून निजलेलं जहाज
तेरा मिनिटांत उलटलं.
आत त्यांचा सिरिल, सतरा वर्षांचा.
जाण्याआधी बहिणीची सायकल नीट करून गेलेला,
घंटी बसवायची तेवढी राहिली.

"वर आला का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलू नका, आणि दुखवूही नका :
ट्रेनिंगमध्ये दोन्ही एकाच पानावर होतं.
"तेल येतं अजून वर," मी म्हटलं, "थेंब थेंब."
त्या छताकडे बघत राहिल्या.
मला वाटलं, झोपल्या.
"तो तेल नेहमी जास्तच घालायचा,"
त्या म्हणाल्या, आणि खरंच झोपल्या.

आता दिवसपाळीची मुलगी आली आहे.
चार्ट दिला, किल्ल्या दिल्या.
एवढ्याशा पुठ्ठ्यावर
कुणी पडलेलं, कुणी बुडालेलं, कुणी उभं राहिलेलं,
आणि खाली हवा : ढगाळ.

क्रटेनडनसाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.
युनिफॉर्मवर पांढरा स्वेटर, नियमात न बसणारा.
"सिस्टर, आज पांढरं का?"

मी हात वर करते.