सालीवरचा आकडा

आईला वाटतं, मी म्हटलं की झालं.
रविवारी कोबीचं सूप वाढता वाढता म्हणते,
"आपल्या अडेलिनोच्या पोराला चिकटवून टाक ना कुठेतरी,
तुझी एक सही तर लागते."
मी पाव मोडत राहते.
माझ्या एका सहीच्या आधी
बँकेला घसा खाकरायचा असतो, मग संचालक मंडळाला,
मग बोर्दोच्या त्या गृहस्थाला,
जो आमची निम्मी बुचं घेतो
आणि ज्याचं हुंगणं मला झोपेतही ऐकू येतं.

केस कापणारी झुल्मिरा म्हणते,
मालकिणीला काय, कधीही सुट्टी.
झुल्मिरा, मी मालकीण नव्हे गं, पगारी आहे.
मालक अकरा आहेत,
त्यातले चार एकमेकांशी बोलत नाहीत.

हसू कुणाला?
दारावर "मुख्य कार्यकारी" अशी पाटी लागली त्या सकाळी
मलाही वाटलं होतं, या खुर्चीतून सगळं दिसत असेल.
दिसलं एक संत्र्याचं झाड
आणि त्याखाली लावलेली माझीच गाडी.

चौथ्या मजल्यावर बातमी येते ती
धुऊन, वाळवून, इस्त्री करून.
मी खाली उतरले की यंत्रं चालू राहतात,
माणसं बंद पडतात.
अर्ध्या जगाच्या बाटल्यांना आम्ही बुचं पुरवतो,
पण सगळ्यात घट्ट बसतात
ती माझ्यासमोरच्या तोंडांना.

मार्चमध्ये तीन लाख बुचं परत आली.
भिजल्या पुठ्ठ्याचा वास, त्यांनी लिहिलं होतं.
आमच्या अहवालात होतं: किरकोळ आर्द्रता.
फेलिस्मिनाला नोव्हेंबरातच कळलं होतं.
एकतीस वर्षं ती पट्ट्याशी बसून बुचं निवडते,
चांगलं इकडे, फुटकं तिकडे.
"मला का नाही सांगितलंस?"
"विचारलंत कुठे?
तुम्ही विचारता, 'सगळं ठीक ना?'
त्याला उत्तर एकच असतं."
मग एक बूच माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "हुंगा."
मी हुंगलं.
मला माझ्याच हाताच्या क्रीमचा वास आला.
ती हसली, मोठ्यांदा.
त्या इमारतीत माझी परवानगी न घेता
हसलेली ती पहिलीच.

रात्रपाळी बंद केली तेव्हा अडतीस नावं होती.
गावात कुणी म्हणालं, काळीज दगडाचं.
कुणी म्हणालं, रडली असेल बिचारी.
दोन्ही नाही.
मी पेन शोधत होते.
पेन सापडेना,
आणि मिनिटभर मला बरं वाटलं.

जूनमध्ये रानात गेले, कोरूशच्या पलीकडे.
सोललेल्या प्रत्येक ओकवर पांढऱ्या रंगात एक आकडा असतो,
ज्या साली साल काढली त्या सालाचा शेवटचा.
नऊ वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही.
आज आमच्या गोदामात जे आहे ते
माझ्या आधीच्याच्या आधीच्यानं राखलेलं.
मी जे राखीन ते
कुणा अनोळखी माणसाच्या नावावर चढेल,
आणि माझी चूकही
मुरत मुरत त्याच्याच दारात जाईल.
त्या दिवशी वारा गरम होता.
बूढा एव्हारिश्तु कुऱ्हाडीचा एक घाव घालून
खोडाला कान लावून उभा राहिला.
"आज सुटत नाही," म्हणाला.
ट्रक भाड्याचे होते, माणसं रोजावर.
मी घड्याळ पाहिलं.
"ओढून काढली तर झाड जाईल, बाई.
याला नाही माहीत तुम्ही कोण ते."
सगळे सावलीत बसून ऑलिव्ह खात राहिले,
मीही बसले, बिया कुठे टाकाव्यात हे न कळून
मुठीत धरून.

रविवारी आईनं पुन्हा विचारलं,
"लावलंस का त्या पोराला?"
"त्याला कुबट वास ओळखू येतो का, आई?
आणि आला तर तोंडावर सांगेल का?"
आई डाव हातात धरून बघत राहिली.
मग म्हणाली,
"नाक चांगलं आहे. तोंड मात्र फटकळ आहे बाई त्याचं."
म्हटलं, उद्याच पाठव.
मग आठवलं, आधी बँक.