तीन मिनिटं

अध्यक्षबाई, मी आर्लीस कोस्की.
सतरा नंबरची बस. बावीस वर्षं.
मला आरशात मागे बघत बोलायची सवय,
समोर बघून बोलताना अडखळले तर सांभाळून घ्या.

सकाळी सहा दहाला निघते. उणे वीस असलं तरी.
सरोवरावरून वारं येतं ते विचारून येत नाही.
पहिला थांबा तांब्याच्या बंद खाणीपाशी,
तिथे एक मुलगा चढतो. आठ वर्षांचा.
अंगात बाईमाणसाचा कोट, बाह्या चारदा दुमडलेल्या.
आई दारात दिसायची, ऑक्टोबरपासून दिसत नाही.
मी विचारलं नाही.
मला शिकवलंय ते बर्फावर ब्रेक कसा दाबायचा.
विचारायचं कसं, ते नाही शिकवलं.

मिस डेल्फीनला ते येतं.
तिनेही विचारलं नाही म्हणा.
हरवलेल्या सामानाच्या खोक्यातले
एकटे पडलेले मोजे जमिनीवर ओतले तिने,
आणि दोघं जोड्या लावत बसली. दार उघडंच होतं,
मी विसरलेले डबे ठेवायला गेले होते.
पुढे तो काय बोलला, मला ठाऊक नाही. नसावंच.
एवढंच कळलं की त्या आठवड्यापासून
माझ्या कागदावर त्याचा थांबा बदलला.
आता तो मावशीच्या घरी उतरतो.
कोट अजून तोच आहे.

पण मिस डेल्फीन मंगळवारची.
चार शाळा, एक बाई, हीटर बिघडलेली एक गाडी.
आमच्या गावात दुःखानंसुद्धा वार बघून यायचं.
आणि आता नवव्या पानावर तुम्ही लिहिलंय:
तोही मंगळवार नको.

त्याच पानावर हॉकीचा नवा धावफलक आहे.
माझं त्याच्याशी वाकडं नाही. माझा नातू गोली आहे,
त्याचे गोल दिसले तर मलाही हवेतच.

मागच्या बैठकीत तुम्ही आकडे मागितले होते.
किती मुलांना फायदा, दर मुलामागे किती डॉलर.
जे घडलंच नाही, त्याचा आकडा
मी कुठून आणू, बाई?
घडलेल्याचा आहे. एक.
अकराव्या सीटवर बसायची. खिडकीच्या काचेवर
बोटाने घोडे काढायची, उतरताना पुसून टाकायची.
नाव घेणार नाही,
तिची आई आज शेवटच्या रांगेत बसलीय.
तेव्हा आपल्याकडे मंगळवारही नव्हता.
आणि मी रोज आरशात बघत होते.
रोज.

घंटा झाली का? बरं.

उद्या बुधवार.
मी सहा दहाला निघेन, दार उघडेन,
बूट आपटून बर्फ झाडत ती एकेक करून वर येतील.
मी प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हणेन.
त्याच्या पुढचं वाक्य
मला येत नाही.