इतिवृत्त, एल आल्तो

हजर सहा. विल्मर उशिरा, केबलकार बंद होती म्हणून.
हीटर एकच, तो नेमेसियाबाईंच्या पायाशी.

पडद्यावर पहिलं उद्दिष्ट:
पाच वर्षांत दहा हजार नोंदी, आयमारा भाषेत,
फुकट, जाहिरातीविना, कुणालाही.
बाई म्हणाल्या, दहा हजार मोजत कोण बसणार?
आधी चुन्यो लिहा.
बटाटा दंवात किती रात्री पसरायचा,
कुठल्या पहाटे तुडवायचा, ते लिहा.

लिहिलं होतं, मी म्हटलं. काढून टाकलं.
छापील संदर्भ नव्हता.

त्यांनी मोजे उतरवले,
तळपाय हीटरच्या उजेडात धरले.
भेगा. ओळीखाली ओळ.
कुणी हसलं नाही.

म्हणून दुसरं उद्दिष्ट जागीच बदललं:
सांगणाऱ्याचा आवाजही पुरावा धरावा.
मुख्य कार्यालयाला कळवणे.
त्यांचं उत्तर येईल तेव्हा येईल.

‘भविष्य’ या शब्दावर वीस मिनिटं गेली.
आमच्याकडे ते मागे असतं, पाठीशी,
कारण दिसत नाही.
डोळ्यांपुढे असतं ते झालेलं, गेलेली माणसं,
त्यांचे बटाटे.
मग पडद्यावरचा हा बाण कुठे निघालाय?
विल्मरनं बाण पुसला.

तेवढ्यात सेनोबियाच्या पाठीवर, रंगीत कापडात,
पोर जागी झाली.
आम्ही सगळे बघत राहिलो.
एकट्या सेनोबियालाच ती दिसत नव्हती,
नुसतीच जरा हलून
तिनं गाठ घट्ट केली.

तिसरं उद्दिष्ट राहिलं.
मागची सभा येत्या मंगळवारी, सहा वाजता.
चूक वाटली तरी
कुणी दुरुस्त करू नये.