तीन वाजताची पिठी

उशीखाली मोबाइल थरथरतो.
ओट्यावर मोजून ठेवलेली वाटी :
पाच चमचे, शीग नाही, सुरीच्या पात्याने सपाट केलेले,
मक्याचं कच्चं पीठ, माठातलं पाणी.
ऊन करायचं नाही. ऊन केलं की पिठी फुलते
आणि तासाभरात अंगात जळून जाते,
असं कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा मी त्यांना.

दिगू डोळे न उघडता पितो.
ओठांवर खडूची रेघ.

बाईंनी कागदावर झाड काढलं होतं.
जेवल्यावर साखर फार झाली की यकृत ती एकेक कडी जोडतं,
कडीला कडी, मध्येच फांदी, फांदीला फांदी,
अगदी गाभ्यात एक इवलंसं प्रथिन,
एका कणात हजारो कड्या. ग्लायकोजेन.
मी म्हटलं, पावसाळ्यासाठी खारवलेला बांगडा.
हसल्या. हो, तसंच.
इन्सुलिन म्हणतं, भरा.
ग्लुकॅगॉन म्हणतं, काढा.
मग टोकाटोकाने कातरत यायचं.
एवढ्या फांद्या कशाला, मी विचारलं.
टोकं जास्त, तेवढे हात जास्त.
हे मला लगेच कळलं; आमच्या मिठमुंबरीत
रापण चार माणसांनी ओढलेली मी पाहिली नाही.

मग माझ्या झिलाचं अडलं कुठे?

अगदी दाराशी.
सुटलेल्या कडीवर फॉस्फेटचा शिक्का असतो,
तो उतरवल्याशिवाय तिला बाहेर रक्तात सोडत नाहीत,
आणि शिक्का उतरवणारा तेवढा एक कामगार
दिगूकडे जन्मापासून नाही.
म्हणून कोठार तुडुंब, पोट नगाऱ्यासारखं,
आणि रक्तात दुष्काळ.
स्नायूंकडेही नसतो तो, बाई म्हणाल्या, तुमच्या-माझ्याही.
स्नायू साठवतात ते आपल्यापुरतं.
गावाला वाढायचं ते यकृताने.

फळं नाहीत, दूध नाही.
देवगड तालुक्यात राहून हापूस नाही.
मे महिन्यात तो पेटीतल्या गवतात तोंड खुपसतो,
“माका पेटी होयी, आंबो नको,” म्हणतो,
नि मी दुसरीकडे बघते.

अमावास्येला पहाटे पाचची सुकती.
टोपली, कोयतूल, खडक.
पाणी उतरलं की कालव मिटून घेतं,
हवा नाही, घास नाही,
साठवलेलं आतल्या आत मोडत भरतीची वाट बघतं.
थंडीत त्याला गोडी येते ती ह्याचीच.
मी पातं घालते, कवड उचकटते.
शंभराचा वाटा. गिऱ्हाईक म्हणतं, गोड आहेत ना?
तेवढं उचकटायला माझ्या मनगटाने
त्याचं त्याचं खाल्लेलं असतं.

सातच्या आत घरी. सातची वाटी.

शेवंती पलीकडच्या पडवीतून विचारायची,
“रात्रीचा कसला पीठ पाजतंस गो झिलाक?”
तिला झाड काढून दाखवलं. बघितलं, पान थुंकली, गेली.

मग नवरात्रातली ती रात्र.
नवरा समुद्रात, मी दोन दिवस तापात, फोन मेलेला.
साडेचारला जाग आली ती हाताला त्याची ओली पाठ लागली म्हणून.
गार. हाक मारली तर नुसत्या पापण्या.
बोटाला टोचलं : एकतीस.
ग्लुकोज गालात चोळताना मी कुणाला काय ओरडले आठवत नाही,
शेवंतीला आठवतं.

आता फोन दोन आहेत.
आणि तिसरी, भिंतीपलीकडची :
“तीन झाले गो!”
तिच्याकडे घड्याळ नाही. ती खाडीचं पाणी ऐकते.
पण पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं,
आणि ही बाई रोज तेवढा हिशेब वजा करून
बरोब्बर तीनला उठते.
कसं, मी विचारलं नाही.
तिच्या चुलीजवळ दिवा लागतो.
मी चमच्यावरून पातं फिरवते.