नात्याचा रकाना

ब्रॅडफर्डच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
दर मंगळवारी मी फॉर्म भरते.
समोर नौरीन, सातवा महिना,
आणि काठीवर हनुवटी टेकलेले
तिचे आजोबा, सुमेर खान.

वांशिक गट?
नौरीन म्हणते, पाकिस्तानी.
म्हातारा म्हणतो, मेव.
असा रकाना नाही, बाबा.
मग ‘इतर’मध्ये घाल.
मी टाइप करते. संगणक शब्दाखाली
लाल, नागमोडी रेघ ओढतो,
दुरून डोंगररांग दिसावी तशी.

डोंगर होताच, तो म्हणतो. काळा पहाड.
अलवरच्या अलीकडे गाव.
सत्तेचाळीसला गाडी निघाली तेव्हा
याच्या मुठीत बाजरीचं कणीस होतं
असं आई सांगायची; याला आठवत नाही.
दोन काका तिथेच राहिले.
पुढे कसूर, मग इथली गिरणी, रात्रपाळी,
आणि बोली अजून तशीच, तिच्यातला ‘ण’
माझ्या ‘ण’इतकाच ठसठशीत.

मूल झालं की आमच्या बायका
विहीर पुजायला जायच्या, तो म्हणतो,
कलमा पढणाऱ्या बायका.
नौरीन फोनवरून बोट सरकवत राहते.

पुढचा प्रश्न या शहरात नेहमीचा:
नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले?
काठी फरशीवर आपटते.
तौबा! बापाचं गोत टाळलं, आईचं टाळलं,
आजीचंही टाळलं, तेव्हा कुठे हिचा निकाह.
मशिदीत शेजारी म्हणतात, चुलतबहीण चालते.
चालत असेल.
आमच्यात बहीण ती बहीण.

मी ‘नाही’वर खूण करते.
आणि बेटी, तुझं?
कसं कोण जाणे, मी खरं सांगते:
माझ्या सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या.

तो माझ्या कपाळावरची टिकली बघतो,
गळ्यातली काळी पोत बघतो,
पुन्हा टिकली.
हिंदू आहेस ना?
हो, बाबा. आमच्यात चालतं.

नौरीन पहिल्यांदाच फोन खाली ठेवते
आणि पोट धरून हसते.

तो हसत नाही. बराच वेळ
खिडकीबाहेरच्या गिरणीच्या धुराड्याकडे बघतो,
मग उठताना, अगदी हळू,
घरच्या दुखण्याची चौकशी करावी तसं विचारतो,
मग तू तिला हाक काय मारतेस?