गाठ

दाजी पेठेतल्या मांडवात
मी दोरा तोडायचो. सात तुकडे,
एक फुंकर, आणि अखंड.
आरशापुढं नऊ वर्षं घासलेली बोटं.
गड्ड्याच्या जत्रेतही टाळ्या पडायच्या याच्यावर.

एकदा पुढच्या रांगेतून नरसव्वा म्याकल उठली,
एकतीस वर्षं कांड्या भरलेली बाई.
"दाव की."
दोरा ताणला, डोळे मिटून नख फिरवलं
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"गाठच नाही.
हा तुटलाच नव्हता बे."

मांडव हसला. मीपण, कोरडं.

आता दोरा मी लोकांकडूनच मागतो.
कुणी चादरीच्या काठाचा देतं,
कुणी टोपड्याचा;
परवा एका पोरानं
बापाच्या शर्टाचं बटण आणलं, दोऱ्यासकट.
कुणाचा, ते विचारतो. मग तोडतो.
तोडल्यावर थोडा वेळ
तसाच धरून ठेवतो, दोन्ही हातांत दोन टोकं.
पंख्याचा आवाज ऐकू येतो तेव्हा.

मग फुंकर.
दोरा एक होतो,
मध्ये राईएवढी गाठ.

टाळ्या कमी झाल्यात.
पण दोरा परत मागून नेतात,
अंगठ्यानं चाचपत जातात कन्ना चौकापर्यंत.

नरसव्वा काल म्हणाली,
"ढिली मारतोस गाठ.
उद्या दुपारी ये घरी,
शिकवते."