चालू रीडिंग

एकतीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली वाकून
मीटर वाचले.
टॉर्च दातांत, वही गुडघ्यावर :
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
कुलूप दिसलं तर शेऱ्यात लिहायचं, घर बंद.

आता निवृत्त. टॉर्च तोच,
काचेवर लाल जिलेटिनचा कागद, रबरबँड लावून.
शिवडीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीला पाठ टेकून
मी आभाळाचं मीटर वाचतो.

यंत्र पत्त्यांच्या जोडाएवढं.
चंद्र मावळेपर्यंत थांबायचं, हात वर करायचा, बटण.
पहिला आकडा सोडून द्यायचा,
यंत्रही झोपेतून उठल्यावर काहीतरी बरळतं.
मग पाच घ्यायचे आणि मधला लिहायचा.

इथे सगळं उलटं चालतं :
आकडा जितका मोठा, तितका अंधार दाट.
डोंगरात आतवर गेलं तर एकवीस लागतात.
माझ्या वहीत सतरा पूर्णांक शून्य चार.
चारचा फरक. ऐकायला किरकोळ.
पण हिशेब मांडला तर आमचं आभाळ
जवळजवळ चाळीसपट उजळ निघतं.
एवढं बिल मी कुणाच्याच दारात टाकलं नव्हतं.
आणि हे टाकू कुणाच्या?

पूर्वेला खाडीपलीकडे माहुलची ज्योत,
पलीकडे सागरी पूल, त्याचा एकेक दिवा मोजून घ्या.
परळला कुणीतरी चौपन्नाव्या मजल्याच्या माथ्यावर
निळा झोत लावलाय, सरळ वर.
कुणाला दिसावा म्हणून, देव जाणे.

मृगात मी सात मोजतो.
चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण.
डोकं दिसत नाही.
पंचाऐंशीच्या जानेवारीत होतं.
ह्याच टाकीपाशी, मी पाहिलंय.

फेब्रुवारीत पंपाची पितळी तोटी चोरीला गेली
आणि सोसायटीने मागे दोनशे वॉटचा एलईडी बसवला.
त्या रात्री : सोळा पूर्णांक सत्त्याऐंशी.

मी अर्ज लिहिला. सेक्रेटरी मुरांजनबाई म्हणाल्या,
"काका, दिवे मागायला सगळे येतात.
अंधार मागणारे तुम्ही पहिलेच."
मला त्यांची भीती नव्हती. फिलोमिनाची होती.
टीबी हॉस्पिटलात नाइट ड्यूटी करून
पहाटे एकटी त्या वाटेने येते ती.
तिने दिवा हवा म्हटलं असतं
तर मी अर्ज घडी करून खिशात घातला असता.

ती म्हणाली, "दिवा हवाच.
पण डोळ्यांत नको. फाटकातून आत आले
की आंधळी होते मी.
जिन्याशी कुणी उभा असला तर मला दिसणार आहे का?"

मग शेंगदाणा तेलाचा रिकामा डबा,
पत्र्याची कात्री, दोन नटबोल्ट.
वॉचमन बलिरामने शिडी धरली
आणि मला सारखं खाली उतरा म्हणत राहिला.
डब्याची टोपी. प्रकाश पायऱ्यांवर आला,
पायऱ्यांवरच थांबला.

सतरा पूर्णांक शून्य एक.
फरक : चौदा शतांश.
परळला पत्ताही नाही.

जुलैत आभाळ नारिंगी, ओथंबलेलं.
शहराने वर फेकलेलं सगळं ढग पुन्हा शहरावर टाकतात.
दोन महिने वहीत एकच शेरा : घर बंद.

मार्गशीर्षातल्या अवसेला, पहाटे चारच्या सुमारास
गच्चीचं दार करकरलं. फिलोमिना, बॅग खांद्यावर,
आज कुणी बदलीला लवकर आलं म्हणाली.
"किती आहे?"
पलंगाच्या पायथ्याचा तक्ता वाचताना विचारतात तसं.
"सतरा शून्य सहा."
"चढलाय की मग," ती म्हणाली, जरा काळजीने.
मी सांगितलं, ह्या रोग्याचं असंच आहे,
आकडा चढला तरच उतार पडतो.

मृग पश्चिमेकडे कलला होता.
डोकं कुठे असायला हवं ते मी बोटाने दाखवलं.
तिथे काही नव्हतं.
"हं," ती म्हणाली,
बूट काढले,
आणि टाकीच्या कट्ट्यावर बसून
तिकडेच बघत राहिली.